ली ग्वांग: सत्तर लढाया आणि एक जबानी

प्रश्न थोडक्यात असा: प्राचीन चीनमध्ये सम्राटाशी एकनिष्ठ असलेल्या सेनाधिकाऱ्याचं आयुष्य कसं असायचं, आणि असे लोक शत्रूच्या हातून मरण्याऐवजी आपल्याच दरबारापायी का मरायचे?

मी पायदळात अठ्ठावीस वर्षं काढली आणि आता तरुण अधिकाऱ्यांना युद्धेतिहास शिकवतो. हा प्रश्न दर तुकडीत कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा सिनेमातला सेनापती असतो: अंगावर लाल झूल, हातात भली मोठी तलवार आणि शेवटी कपटी मंत्र्याचं कारस्थान. कारस्थानं होती, नाही असं नाही. पण मला विचाराल तर त्यातल्या बऱ्याच जणांचा जीव कागदाने घेतला. म्हणजे तेव्हा लिहायला कागद रुळला नव्हता, लाकडाच्या आणि बांबूच्या पट्ट्या होत्या. अक्षर चुकलं की कारकून ते सुरीने खरवडायचा आणि ब्रशने पुन्हा लिहायचा, म्हणून अशा कारकुनांना 'सुरी-ब्रशवाले' म्हणत. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळ्या चीनबद्दल एका दमात बोलण्यात अर्थ नाही, म्हणून एकच माणूस धरतो. हान राजघराण्याच्या काळातला ली ग्वांग, इ.स.पू. 119 मध्ये साठी ओलांडल्यावर मेला.

आधी तो ज्या व्यवस्थेत नोकरी करत होता ती बघू. शीआन शहराच्या दक्षिणेला 1970 च्या दशकात काशाचा एक छोटा वाघ सापडला, साडेनऊ सेंटीमीटर लांबीचा. पूर्ण वाघ नव्हे, उभा चिरलेला अर्धा. हानच्या आधीच्या चिन राज्यातला तो आहे आणि त्याच्या अंगावर सोन्यात हुकूम कोरलाय: उजवा अर्धा राजाकडे, डावा इथल्या अधिकाऱ्याकडे, पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं हलवायची असतील तर दोन्ही अर्धे जुळलेच पाहिजेत, फक्त इशाऱ्याचा जाळ पेटवायचा असेल तर वाट बघू नका. पन्नास माणसं! म्हणजे आजच्या दीड प्लाटूनसाठी राजाचा वाघ हवा. हानांनी हीच पद्धत पुढे चालवली.

दुसरं, जुयान. गोबी वाळवंटाच्या कडेला हानांच्या सीमाचौक्यांची रांग होती. 1930 साली चिनी-स्वीडिश मोहिमेला तिथल्या पडक्या चौक्यांमध्ये दहा हजारांवर लेखपट्ट्या सापडल्या. त्या ली ग्वांगच्या नंतरच्या काळातल्या आहेत, पण यंत्रणा कशी विचार करायची ते त्यांतून कळतं. दर शरद ऋतूत अधिकाऱ्याची नेमबाजीची परीक्षा व्हायची. बारा बाण सोडायचे, सहा लागले की पास. सहाच्या वर लागणाऱ्या प्रत्येक बाणाला पंधरा दिवसांची वाढीव सेवा त्याच्या नावे जमा. मी हे वर्गात सांगतो तेव्हा पोरं हसतात आणि मग आपापलं सर्व्हिस रेकॉर्ड आठवून गप्प होतात.

तिसरी गोष्ट मुंडक्यांची. लढाईनंतर पराक्रम मोजायचा तो कापलेल्या मुंडक्यांवर आणि पकडलेल्या कैद्यांवर, आणि आकडा जुळला पाहिजे. वेई शांग नावाचा एक सीमाधिकारी होता, स्वतःच्या पगारातून सैनिकांना मांस खाऊ घालणारा. त्याच्या अहवालातला आकडा आणि प्रत्यक्ष मोजणी यांत सहा मुंडक्यांचा फरक निघाला. पदवी गेली, सक्तमजुरीची शिक्षा झाली. सम्राट वेन्दी एकदा हळहळत म्हणाला की जुन्या काळातल्यासारखे सेनापती मला मिळाले असते तर! तेव्हा फंग थांग नावाच्या म्हाताऱ्या दरबाऱ्याने तोंडावर सांगितलं, मिळाले तरी तुम्हाला वापरता येणार नाहीत, आणि हे सहा मुंडक्यांचं प्रकरण पुढे ठेवलं. वेन्दी समजूतदार निघाला. वेई शांगला त्याच दिवशी सोडवून कामावर परत घेतलं.

याच वेन्दीच्या अमलात, इ.स.पू. 166 मध्ये, उत्तरेच्या श्योंगनू टोळ्या मोठ्या संख्येने आत घुसल्या तेव्हा ली ग्वांग फौजेत भरती झाला. गाव लोंगशी भागातलं, आजच्या गान्सू प्रांतात. घराण्यात तिरंदाजी पिढीजात. अंगाने उंच आणि हात वानरासारखे लांब. घोड्यावरून बाण मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. वेन्दी त्याला म्हणाला, चुकीच्या काळात जन्मलास बाबा. आमच्या वडिलांच्या, म्हणजे घराण्याचा संस्थापक गाओझूच्या, काळात असतास तर दहा हजार घरांची जहागीर तुला सहज मिळाली असती. कौतुकच होतं ते, पण ली ग्वांगच्या मागे ते जन्मभर लागलं. कारण ती जहागीर, 'होउ' ही सरदारकी, त्याला कधीच मिळाली नाही.

पहिली संधी हातची कशी गेली ते बघण्यासारखं आहे. इ.स.पू. 154 मध्ये सात राजपुत्रांनी बंड केलं. ली ग्वांगने बंडखोरांचा झेंडा हिसकावला, नाव झालं. ज्या ल्यांग प्रांताचा बचाव केला तिथला राजा सम्राटाचाच (तेव्हा गादीवर वेन्दीचा मुलगा जिंगदी होता) सख्खा भाऊ, त्याने खूश होऊन ली ग्वांगला सेनापतीची मुद्रा दिली आणि याने ती घेतली. राजधानीत परतल्यावर बक्षीस शून्य. सम्राटाच्या अधिकाऱ्याने दुसऱ्या कुणाच्या हातून मुद्रा घेतलीच कशी? त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं हे सगळ्यांना माहीत असणार. पण निष्ठा एकाच वाघाच्या दुसऱ्या अर्ध्याशी जुळायला हवी, आणि तेवढी राजकारणाची अक्कल या माणसाला अखेरपर्यंत आली नाही.

मग सीमेवरच्या बदल्या. शांगगू, शांग, लोंगशी, यानमन, युनजोंग, एकामागून एक सुभे. रोज चकमकी. एका दरबाऱ्याने सम्राटापुढे अक्षरशः रडून सांगितलं की हा माणूस स्वतःच्या कौशल्याच्या भरवशावर रोज शत्रूच्या अंगावर जातो, एक दिवस आपण त्याला गमावून बसू. तेव्हा कुठे शांगगूहून शांग सुभ्यात बदली झाली.

शांग सुभ्यातला एक दिवस मी दर वर्षी फळ्यावर काढून शिकवतो. सम्राटाने एका खोजा अधिकाऱ्याला ली ग्वांगच्या हाताखाली पाठवलं होतं. हा खोजा काही डझन स्वार घेऊन बाहेर पडला आणि त्याला तीन श्योंगनू दिसले. तिघंच आहेत म्हणून तो तुटून पडला. तिघांनी त्याच्या जवळजवळ सगळ्या स्वारांना लोळवलं, त्याला जखमी केलं. पळत आलेल्या खोजाचं ऐकून ली ग्वांग म्हणाला, हे गरुड मारणारे तिरंदाज असणार. शंभर स्वार घेऊन निघाला, तिघांना गाठलं, दोघांना स्वतः टिपलं, तिसऱ्याला बांधलं. इतक्यात समोरच्या टेकडीवर काही हजार श्योंगनू घोडेस्वार उभे.

शंभर विरुद्ध हजारो, आणि आपली मुख्य फौज कित्येक कोस मागे. स्वार पळायच्या बेतात. ली ग्वांगने सांगितलं: पळालो तर पाठलाग करून एकेकाला टिपतील, थांबलो तर त्यांना वाटेल आपण आमिष आहोत, मागे मोठी फौज दबा धरून आहे. मग तो थांबला नाही, उलट पुढे गेला. शत्रूपासून दोन ली, म्हणजे एक किलोमीटरच्याही आत. तिथे हुकूम दिला, उतरा आणि खोगिरं काढा. घोड्यावर बसलेला माणूस ज्याला कळतो त्यालाच या हुकमाचं वजन कळेल. खोगीर काढलं म्हणजे पळायची वाट आपणच बंद केली, आणि ते समोरच्याला दिसलंही. समोरून पांढऱ्या घोड्यावरचा एक सरदार आपली रांग नीट करायला बाहेर आला. ली ग्वांग दहाबारा स्वारांसह खोगीर चढवून गेला, त्याला बाणाने मारला, परत आला, पुन्हा खोगीर काढलं, घोडी मोकळी सोडली आणि सगळ्यांना आडवं व्हायला सांगितलं. संध्याकाळ झाली. श्योंगनू बघत राहिले, हल्ला करायची हिंमत होईना. मध्यरात्री ते निघून गेले. सकाळी शंभर माणसं तळावर परत.

गोष्ट म्हणून झकास आहे. आता अधिकारी म्हणून बघा. सुभ्याचा प्रमुख तीन तिरंदाजांच्या मागे स्वतः धावत गेला, कुठे गेलो हे मुख्य फौजेला न कळवता. ती फौज रात्रभर जागच्या जागी. मी त्याचा वरिष्ठ असतो तर शाबासकी आणि ठपका दोन्ही एकाच लखोट्यात दिलं असतं.

हा वाद त्या काळातही होताच. छंग बुशी नावाचा तितकाच नामांकित सेनापती होता आणि दोघांनी एकाच सुमारास राजवाड्यांचे पहारे सांभाळले. त्याच्या छावणीत तुकड्या रेषेत, रात्रभर पहाऱ्याचे टोले, कारकून पहाटेपर्यंत नोंदवह्या लिहीत बसलेले, माणसांना झोप नाही. टोले ज्यावर पडायचे ते तांब्याचं भांडं दिवसा स्वयंपाकाला वापरत. ली ग्वांगच्या तळावर रांगा नाहीत, टोले नाहीत, लिखापढी जेवढ्यास तेवढी. जिथे पाणी आणि गवत चांगलं तिथे मुक्काम. मात्र टेहळणीचे स्वार लांबवर पेरलेले, त्यामुळे गाफील कधी सापडला नाही. छंग बुशीही नाही. छंग बुशी स्वतःच म्हणायचा, ली ग्वांगचं सगळं सुटसुटीत आहे, अचानक हल्ला आला तर निभावणार नाही, पण त्याची माणसं त्याच्यासाठी आनंदाने मरतील. सैनिकांना अर्थातच ली ग्वांग हवा असायचा. मी शिपाई असतो तर मीही तोच मागितला असता. पोराला फौजेत पाठवणारा बाप म्हणून विचाराल तर छंग बुशी.

सैनिक त्याच्यावर जीव टाकायचे याची कारणं साधी होती. वाळवंटात पाणी सापडलं की शेवटचा शिपाई प्यायल्याशिवाय हा पाण्याजवळ जायचा नाही. शेवटचा जेवल्याशिवाय जेवायचा नाही. बक्षीस मिळालं की वाटून टाकायचा. चाळीसहून जास्त वर्षं 'दोन हजार शी' धान्याच्या वरच्या वेतनश्रेणीत काढली, पण घरात शिल्लक काही नाही. बोलायला मात्र अगदीच कच्चा. वेळ घालवायचा तर जमिनीवर रेघा ओढून व्यूह मांडायचे आणि नेमबाजीच्या पैजा लावायच्या.

इ.स.पू. 129 मध्ये तो यानमन खिंडीतून बाहेर पडला, फौज मोडली आणि तो जिवंत पकडला गेला. श्योंगनूंच्या राजाचा, शान्यूचा, हुकूम होता की ली ग्वांगला जिवंतच आणायचं. जखमी म्हणून त्याला दोन घोड्यांमध्ये जाळी बांधून तिच्यात झोपवलं. दहाएक ली गेल्यावर हा मेल्यासारखा पडून राहिला, डोळ्याच्या कोपऱ्यातून बाजूच्या पोराचा चांगला घोडा हेरला, झेप घेतली, पोराला ढकललं, धनुष्य घेतलं आणि दक्षिणेकडे सुटला. मागे लागलेल्यांना त्याच पोराच्या धनुष्याने थोपवत आपल्या उरल्यासुरल्या माणसांपर्यंत पोचला.

निष्ठेची परीक्षा म्हणायची तर ती हीच. शान्यूकडे त्याला मानाने ठेवलं असतं. तो परत आला, आणि आल्यावर त्याला चौकशीसाठी कारकुनांच्या ताब्यात दिलं. निकाल: फार माणसं गमावली, शिवाय शत्रूच्या हाती जिवंत लागला, देहदंड. कायद्यात रक्कम भरून शिक्षा चुकवायची सोय होती. ती भरून तो सामान्य नागरिक झाला. एका हरवलेल्या दुर्बिणीपायी चौदा महिने चाललेली चौकशी मी पाहिली आहे, त्यामुळे आश्चर्य वाटत नाही. तक्त्यात 'गमावले' असा रकाना असतो, 'परत आला' असा नसतो.

पण त्याला देवमाणूस करू नका. नोकरी गेलेल्या दिवसांत तो एका रात्री शिकारीहून परतत होता. बालिंगच्या नाक्यावर दारू प्यायलेल्या अंमलदाराने अडवलं. बरोबरचा स्वार म्हणाला, हे माजी सेनापती ली. अंमलदार म्हणाला, आजी सेनापतीलाही रात्री फिरायची परवानगी नाही, माजीचं काय घेऊन बसलात! रात्रभर नाक्यावर बसवून ठेवलं. पुढे श्योंगनूंनी धुमाकूळ घातला, सम्राट वूदीने ली ग्वांगला पुन्हा बोलावून योउबेइपिंगचा सुभा दिला. त्याने तोच अंमलदार आपल्याबरोबर मागून घेतला आणि छावणीत पोचताच त्याचं डोकं उडवलं. अंमलदार उद्धट असेल, पण रात्रीच्या बंदीचा नियम तो पाळतच होता. या गोष्टीवर वर्गात नेहमी भांडण होतं आणि मी ते होऊ देतो.

दुसरा डाग यापेक्षा काळा. सरदारकी का मिळत नाही म्हणून त्याने वांग श्वो नावाच्या ज्योतिषाला विचारलं. आपल्याहून कमी कुवतीचे डझनावारी लोक होउ झाले, चुलतभाऊ ली त्साय तर प्रधानमंत्री झाला, आपल्याच वाट्याला का नाही? ज्योतिषाने उलट विचारलं, मनाला खात असलेलं काही आहे का? ली ग्वांगने सांगितलं, लोंगशीला असताना छ्यांग लोकांनी बंड केलं होतं, मी फसवून आठशेंवर माणसांना शरण यायला लावलं आणि त्याच दिवशी मारलं. ज्योतिषी म्हणाला, शरणागताला मारण्याएवढं मोठं पाप नाही, हेच कारण. मला ज्योतिष पटत नाही. मला दिसतं ते एवढंच की कुणी न विचारता ती गोष्ट त्या माणसाच्या मनात इतकी वर्षं जशीच्या तशी होती.

सरदारकी न मिळण्याचं कारण हिशोबात होतं. इ.स.पू. 121 मध्ये तो चार हजार स्वारांसह निघाला. दहा हजारांची दुसरी फौज घेऊन जांग छ्येन वेगळ्या वाटेने यायचा होता. मध्य आशियाची वाट शोधून काढणारा तोच हा जांग छ्येन. चाळीस हजार श्योंगनूंनी ली ग्वांगला वेढलं. माणसांचे चेहरे पांढरे पडले. त्याने मुलगा ली गानला काही डझन स्वार देऊन शत्रूच्या रांगेतून आरपार जाऊन यायला सांगितलं. पोरगा परत येऊन म्हणाला, यांत काही अवघड नाही. मग तोंडं बाहेर करून गोलाकार मोर्चा बांधला. बाणांचा पाऊस पडला, निम्म्याहून जास्त मेले, स्वतःचे बाण संपत आले. तेव्हा त्याने धनुष्यं ताणून धरा पण सोडू नका असं सांगितलं, आणि स्वतः मोठ्या पिवळ्या यांत्रिक धनुष्याने शत्रूचे नायक एकेक करून टिपायला लागला. दुसऱ्या दिवशी जांग छ्येन पोचला. उशिरा आल्याबद्दल जांग छ्येनला देहदंड, तोही रक्कम भरून सुटला. ली ग्वांगचा हिशोब: मारलेले आणि गमावलेले बरोबरीत, सबब बक्षीस नाही.

आता शेवट. इ.स.पू. 119 ची मोठी मोहीम, वाळवंट ओलांडून शान्यूला गाठायची. म्हातारा झाला म्हणून वूदी त्याला नेईना. याने पुन्हा पुन्हा अर्ज केले, शेवटी आघाडीचा सेनापती म्हणून परवानगी मिळाली. सरसेनापती वेई छिंग. वाळवंटात एका कैद्याकडून शान्यूचा ठावठिकाणा कळला तेव्हा वेई छिंग स्वतः निवडक फौज घेऊन निघाला आणि ली ग्वांगला पूर्वेच्या वाटेने वळसा घालून यायला सांगितलं. ती वाट लांबची, गवत-पाणी कमी. ली ग्वांग म्हणाला, मी आघाडीचा सेनापती. मिसरूड फुटल्यापासून श्योंगनूंशी लढतोय, शान्यू समोर यायची ही पहिलीच वेळ, मला पुढे राहू द्या, आधी मी मरतो. वेई छिंगने ऐकलं नाही. त्याला सम्राटाची गुप्त सूचना होती की हा म्हातारा आहे, कमनशिबी आहे, शान्यूसमोर याला ठेवू नकोस. शिवाय वेई छिंगच्या एका जुन्या मित्राची सरदारकी नुकतीच गेली होती, त्याला ही संधी मिळावी असंही मनात होतं. वेई छिंग दुष्ट नव्हता. वरून आलेला हुकूम आणि आपला माणूस, दोन्ही एका दिशेला असले की कुणीही तेच करतो.

लेखी हुकूम तंबूत आला. ली ग्वांग सलामही न करता निघाला. वाटाड्या नव्हता, वाट चुकली, लढाई संपून गेली, शान्यू निसटला. परतीच्या वाटेवर दोन्ही फौजा भेटल्या. वेई छिंगने आपल्या मुख्य कारकुनाबरोबर कोरडा शिधा आणि दारू पाठवली, आणि वाट कशी चुकली याची विचारणाही, कारण सम्राटाला अहवाल द्यायचा होता. ली ग्वांगने उत्तर दिलं नाही. कारकुनाने तगादा लावला, तुमच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना जबानीला पाठवा. तेव्हा तो म्हणाला, माझ्या अधिकाऱ्यांचा दोष नाही, वाट मी चुकलो, जबानी मी देतो.

आपल्या माणसांत येऊन त्याने सांगितलं: लहानमोठ्या सत्तरहून अधिक लढाया लढलो. यंदा शान्यूपर्यंत पोचायचं नशीब होतं, तर मला लांबच्या वाटेने पाठवलं आणि तीही चुकली. साठी उलटली माझी. आता पुन्हा त्या सुरी-ब्रशवाल्यांसमोर उभं राहणं जमायचं नाही. तलवार काढली आणि गळ्यावर फिरवली.

बाकीचं पटकन सांगतो. मुलगा ली गान त्याच मोहिमेत दुसऱ्या फळीत लढून सरदार झाला. बापाच्या मरणाच्या रागात त्याने वेई छिंगला मारहाण केली. वेई छिंगने ती लपवली. पण वेई छिंगचा भाचा हुओ छ्युबिंग याने ली गानला शिकारीत बाण मारून ठार केलं. हुओ सम्राटाचा लाडका, म्हणून दरबारातून सांगण्यात आलं की ली गानला हरणाने शिंग मारलं.

नातू ली लिंग इ.स.पू. 99 मध्ये पाच हजार पायदळ घेऊन त्याच जुयानहून उत्तरेला गेला, ऐंशी हजारांशी लढत माघारी येताना बाण संपले आणि तो शरण गेला. आजोबा पळून परत आला होता, हा आला नाही. वूदीने त्याचं घरदार मारून टाकलं. पुढे दरबाराने माफी देऊन बोलावलं तेव्हाही, एकदा झाली तेवढी मानहानी पुरे म्हणून तो गेला नाही.

तो शरण गेल्याची बातमी आली तेव्हा दरबारात त्याच्या बाजूने बोलणारा एकच निघाला, सिमा छ्येन नावाचा इतिहासकार. त्यालाही देहदंड झाला. शिक्षा चुकवायला पैसे नव्हते म्हणून त्याने मरणाऐवजी खच्चीकरण पत्करलं, हातातला ग्रंथ पुरा करायचा होता. ली ग्वांगबद्दल मी वर जे सांगितलं ते जवळजवळ सगळं त्याच ग्रंथातलं आहे. त्याने ली ग्वांगला प्रत्यक्ष पाहिलं होतं. तो लिहितो, खेडुतासारखा दिसायचा, धड बोलता यायचं नाही. आणि तो मेला त्या दिवशी त्याला ओळखणारे आणि न ओळखणारे, दोघंही रडले.